मूळ कथेचा हव्यास : दैवतकथा, तरुण वाचक आणि नवे माध्यम

दैवतकथांविषयीच्या चर्चेत 'आजचा तरुण' हा बहुधा गैरहजर आरोपीसारखा वावरत असतो. त्याची श्रद्धा उडाली आहे, अशी तक्रार एका बाजूने होते; हातात मोबाइल असूनही तो अजून मुंजाला भितो, असा उपहास दुसऱ्या बाजूने होतो. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती अशी की, माणसाचे कथेशी असलेले नाते विश्वास आणि अविश्वास या दोन टोकांमध्येच मोजता येते. पदव्युत्तर वर्गात लोकसाहित्य शिकवताना या मोजपट्टीचा फारसा उपयोग होत नाही, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. खंडोबाची कथा वर्गात आली की विद्यार्थी 'हे खरे आहे का?' असे सहसा विचारीत नाहीत. ते विचारतात, 'यांतली मूळ कथा कोणती?' आणि उत्तराची वाट पाहत असतानाच त्यांच्यापैकी एखाद्याने ते मोबाइलवर शोधूनही ठेवलेले असते.

हा प्रश्न वाटतो तितका निरागस नाही. त्यात तीन गृहीते दडलेली आहेत : कथेला एक मूळ असते, ते आज कोठेतरी उपलब्ध असते, आणि उरलेली सर्व कथने ही त्या मुळाची कमीअधिक बिघडलेली रूपे असतात. पारंपरिक श्रोत्याला या तिन्हींची गरज पडत नव्हती. जागरणाला बसलेल्या माणसाला कथा माहीतच असे. आजचा वाघ्या ती कशी सांगतो, बाणाईच्या बाजूने झुकतो की म्हाळसेच्या, हे ऐकायला तो बसलेला असे. तेव्हा तरुणांच्या दृष्टीत पडलेला फरक श्रद्धेच्या उतारात शोधण्याऐवजी या प्रश्नाच्या बदललेल्या रूपात शोधावा, असे सुचवण्याचा येथे हेतू आहे. ('मिथ' या संज्ञेसाठी मराठीत 'मिथक', 'प्राक्कथा', 'पुराणकथा' असे पर्याय आलटून पालटून वापरले जातात. येथे 'दैवतकथा' हा शब्द योजला आहे. कारण 'पुराणकथा' म्हटले की ग्रंथ डोळ्यांपुढे येतो, आणि प्रस्तुत विवेचनात ग्रंथ हाच एक वादविषय आहे.)

खंडोबाचे उदाहरण घेण्याचे कारण उघड आहे. या दैवताच्या कथा एकमेकींत सहज मिसळत नाहीत. 'मल्लारिमाहात्म्य' हा संस्कृत ग्रंथ स्वतःला ब्रह्मांडपुराणाचा भाग म्हणवितो. त्यात मणिचूल पर्वतावरील ऋषींना छळणाऱ्या मणी आणि मल्ल या दैत्यांचा संहार करण्यासाठी शिव मार्तंडभैरवाचे रूप घेतो. ही कथा देवासुरयुद्धाच्या परिचित साच्यातली आहे. धनगरांच्या आणि वाघ्या-मुरळ्यांच्या गाण्यांतला खंडोबा मात्र वेगळ्याच धातूचा आहे. तो म्हाळसेशी सारीपाट खेळतो, हरतो, बारा वर्षांचा वनवास पत्करतो, वेष पालटून धनगराच्या वाड्यावर चाकरीला राहतो, मेंढरे मारतो, पुन्हा जिवंत करतो आणि त्या बदल्यात बाणाईचा हात मागतो. पुढे घरी परतल्यावर लिंगायत वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई यांचे जे भांडण जुंपते, त्यात एकमेकींच्या अन्नाची, अंगाच्या वासाची, माहेरची उणीदुणी निघतात. देव मध्ये सापडलेला असतो. ऐकणाऱ्यांत दोन्ही बाजूंचे लोक असतात आणि हसूही दोन्ही बाजूंना येते. यापलीकडे रंभाई शिंपीण आहे, फुलाई माळीण आहे, चंदाई भागवीण आहे. मुसलमान भक्तांचा मल्लूखान आहे. जेजुरीच्या गडावर म्हाळसा देवाजवळ गाभाऱ्यात असते आणि बाणाईचे देऊळ डोंगराच्या मध्यावर असते. ज्याने ती चढण चढली आहे, त्याला या रचनेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कोणती बायको कुठे बसते हाच तेथे कथेचा एक पाठ आहे, आणि तो दगडात बांधलेला आहे.

क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९५५ साली मिथकांच्या संरचनेवरील प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले होते की, मिथक म्हणजे त्याच्या सर्व पाठांची बेरीज होय; खरा किंवा आद्य पाठ शोधण्याचा खटाटोप अभ्यासकाने सोडून द्यावा. त्यांच्या पद्धतीवर नंतर पुष्कळ टीका झाली आणि तिचा बराच भाग रास्त होता. परंतु एवढ्या एका मुद्द्यापुरते आपले वाघे-मुरळी पॅरिसच्या या मानववंशशास्त्रज्ञापेक्षा फार आधीपासून त्याच मताचे होते, असे म्हणण्यास हरकत नाही. त्यांनी ते मत सिद्धान्त म्हणून मांडले नाही. रात्र जागवून वापरले.

आता हीच कथा आजच्या विद्यार्थ्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते ते पाहावे. त्याच्या बालपणाच्या किंवा कुमारवयाच्या काळात, २०१४ ते २०१७ या वर्षांत, 'जय मल्हार' ही मालिका झी मराठीवर दाखवली गेली. तिच्याविषयी विद्वानांनी नाके मुरडली असली तरी प्रस्तुत लेखकाचे मत थोडे निराळे आहे. दीर्घ मालिकेला वेळ भरून काढायचा असतो. त्यामुळे सवतींच्या भांडणाला, रुसव्याफुगव्यांना, आडकथांना तिच्यात जागा मिळाली, आणि बाणाई घराघरांत माहीत झाली. जागरणाच्या सैल, पसरट रचनेशी मालिकेचे काहीएक नाते होते. तिने नुकसान केले असेल तर ते चेहऱ्याच्या बाबतीत. खंडोबा म्हटले की नटाचाच चेहरा डोळ्यांपुढे येतो, असे आजही विद्यार्थी संकोचाने कबूल करतात. टाकावरची घोडेस्वार मूर्ती जी जागा कल्पनेसाठी मोकळी सोडते, ती त्यामुळे भरून गेली.

खरी कात्री लागली ती त्यानंतर, मोबाइलच्या पडद्यावरील तीन-चार मिनिटांच्या चित्रफितींत. या चित्रफितींची शीर्षके 'खरी कथा', 'खरा इतिहास', 'तुम्हाला माहीत नसलेले रहस्य' अशा घाटाची असतात. इतक्या थोड्या अवकाशात काय मावते? मणिमल्लाचा संहार मावतो, कारण त्याला आरंभ, संघर्ष आणि शेवट आहे, आणि पाठीशी एका संस्कृत ग्रंथाचे नाव आहे. सारीपाट मावत नाही. बाणाई 'देवाची दुसरी पत्नी' एवढ्या एका वाक्यात उरते. रंभाई, फुलाई, चंदाई गळून पडतात. मल्लूखानाचा तर प्रश्नच येत नाही. या निवडीमागे प्रत्येक वेळी काही कट असतो असे समजण्याचे कारण नाही. संक्षेपाला स्वतःचेच एक तर्कशास्त्र असते : जे आधीच ग्रंथबद्ध आहे ते सहज संक्षिप्त होते, आणि जे केवळ सादरीकरणात जगते ते संक्षेपात मरते. परिणाम मात्र निरपवादपणे एकाच दिशेचा होतो. ज्या जातींनी आपापली एकेक लेक देवाला देऊन त्याच्याशी सोयरीक जोडली होती, त्यांचा कथेतला वाटा नाहीसा होतो. वर्गातल्या धनगर समाजातील विद्यार्थ्यालाही आपल्या आजीची कथा ही 'गावाकडची' आणि पडद्यावरची कथा ही 'खरी' वाटू लागते, तेव्हा हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही.

विश्वकोशीय स्वरूपाच्या संकेतस्थळांची अडचण आणखी सूक्ष्म आहे. विकिपीडियासारख्या सामूहिक ज्ञानकोशात एका विषयाला एक नोंद आणि प्रत्येक विधानाला प्रकाशित आधार हवा, असा दंडक आहे. दंडक वाजवी आहे. पण त्याचा अर्थ असा की, वाघ्याने काल रात्री गायिलेली कथा आधार ठरत नाही. ती गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या संशोधकाने ध्वनिमुद्रित करून छापली की मगच आधार ठरते. म्हणजे मौखिक पाठाला नव्या माध्यमात प्रवेश मिळतो तो मुद्रणाच्या दारातून, आणि तोही बहुधा इंग्रजीतून. वॉल्टर ऑंग यांनी १९८२ साली विद्युत्माध्यमांसंबंधी 'दुय्यम मौखिकते'ची कल्पना मांडली, तेव्हापासून ही माध्यमे आपल्याला पुन्हा श्रवणाच्या जगात नेत आहेत असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. खंडोबाच्या बाबतीत तरी हे अर्धेच खरे आहे. आवाज परत आला आहे. पण समोर बसून 'आमच्याकडे असे नाही सांगत' म्हणणारा श्रोता परत आलेला नाही. तो असलाच तर चित्रफितीच्या खाली, प्रतिक्रियांच्या रांगेत, कथन संपल्यानंतर बोलतो.

स्थळाचा मुद्दा येथेच नोंदवला पाहिजे. गोव्यात म्हार्दोळ येथे म्हाळसा आहे. ती सोळाव्या शतकात वेर्ण्याहून तेथे आली. ती म्हाळसा नारायणी आहे, विष्णूचे मोहिनीरूप. नेवाशाची म्हाळसा खंडोबाची पत्नी, पार्वतीचा अवतार. काही ग्रंथांनी या दोहोंचा सांधा जुळवण्याचा प्रयत्न केला आहे हे खरे. पण भक्ताला सांध्याची निकड नव्हती, कारण तो एका वेळी एकाच देवळात उभा असे. शोधयंत्रात 'म्हाळसा' हे नाव घातले की दोन्ही देवी एकाच यादीत शेजारी येतात, आणि यादी पाहणाऱ्याला लगेच वाटते की यांतली एक चुकीची असली पाहिजे. ग्रामदैवताला शीव असते. त्याच्या कथेचे सत्यही त्या शिवेपुरते असते. शीव पुसली की शेजारच्या गावची कथा ही विसंगती ठरते.

या चित्राला एक उलटी बाजूही आहे, आणि टीकेच्या दृष्टीने ती अधिक बोलकी आहे. २०१८ साली राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. तेव्हा त्याला बेताचाच प्रेक्षक मिळाला. नंतर घरबसल्या चित्रपट पाहण्याच्या सोयीमुळे तरुणांनी तो उचलून धरला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा गर्दी झाली. त्यातील हस्तर हा देव कोकणातील एक विस्मृत दैवत आहे, असे मानणारे विद्यार्थी दर वर्षी वर्गात भेटतात. हे मानणारे अंधश्रद्ध नाहीत. त्यांतले काही तर परीक्षेत लेव्ही-स्त्रोसवर उत्तम उत्तरे लिहितात. हस्तरची त्यांना भीती वाटत नाही आणि त्याची भक्तीही त्यांना करायची नाही. त्यांना फक्त त्याची 'मूळ कथा' हवी असते.

ती कथा जी आहे ती अशी. 'तुंबाड' हे नाव रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातले, श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीमुळे मराठी वाचकाच्या मनात रुजलेले. चित्रपटाच्या आरंभीच्या भागामागे नारायण धारप यांची 'आजी' ही कथा आहे. त्या कथेमागे स्टीफन किंग यांची 'ग्रामा' (१९८४) ही कथा आहे. आणि किंग यांच्या त्या कथेत हस्तुर हे नाव येते. हस्तुर अमेरिकी भयकथेच्या परंपरेतला. त्याचा माग काढत गेल्यास तो अँब्रोज बिअर्स यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या एका कथेत सापडतो, आणि गंमत अशी की, तेथे तो मेंढपाळांचा सौम्य देव आहे. खंडोबाच्या अभ्यासकाला या योगायोगाचे हसू आल्यावाचून राहत नाही.

पण हस्तर 'परका' आहे असे सिद्ध करून मोकळे होणे हा टीकेचा अळसट मार्ग झाला. देव परप्रांतांतून येतात. खंडोबाचेच मैलार, मल्लण्णा यांच्याशी असलेले नाते कर्नाटक-आंध्रापर्यंत पोहोचते. प्रश्न असा आहे की, नव्याने रचलेली कथा इतक्या सहज 'प्राचीन' का वाटली. त्याचे उत्तर चित्रपटाच्या संहितेतच आहे. समृद्धीच्या देवीचा हा पहिला आणि लाडका पुत्र सोने बळकावतो. धान्यावरही हात टाकू लागताच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. आई त्याला गर्भात घेऊन वाचवते, पण एका अटीवर : त्याची पूजा कधीही होणार नाही, तो विसरला जाईल. हस्तरचे कोठेही देऊळ नाही, आरती नाही, माहात्म्य नाही, याचे स्पष्टीकरण कथेनेच देऊन ठेवले आहे. पुराव्याचा अभाव हाच येथे पुरावा होतो. 'आपल्यापासून लपवून ठेवलेले' असे काहीतरी शोधण्याची सवय लागलेल्या वाचकाला याहून सोयीचे दैवत मिळणे कठीण. शिवाय हस्तरला पाठभेद नाहीत. त्याचा एकच पाठ आहे आणि तो पूर्ण आहे. अनेक पाठांची खरी दैवतकथा तरुण वाचकाला संशयास्पद वाटते आणि एका पाठाची कल्पित कथा विश्वसनीय वाटते, ही आजची स्थिती आहे.

त्याच कोकणात वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा आहे. भक्त त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावात फिरतो आणि चपला झिजतात. झिजलेली चपल हा एका गावाने आपल्या राखणदाराशी केलेल्या व्यवहाराचा हिशेब आहे. हस्तरला असा व्यवहार नाही. त्याच्या वाड्यात फक्त लुटायला जायचे असते. त्याचे आणि माणसाचे नाते सर्वस्वी लोभाचे आहे, आणि चित्रपट म्हणून 'तुंबाड'चे सामर्थ्यही त्यातच आहे, हे मान्य केले पाहिजे. ती लोभाविषयीची उत्तम नीतिकथा आहे. दैवतकथा व्हायला तिला एखादे गाव लागेल. ('मुंज्या' या २०२४ च्या चित्रपटाबद्दल येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण दिसत नाही. त्यातली पिंपळावरच्या मुंजाची समजूत अस्सल आहे आणि विनोदही बरा आहे. पण समजुतीचा उपयोग तेथे निमित्तापुरता आहे.)

एवढे लिहून तरुणांना आणि त्यांच्या मोबाइलला दोष देणे सोपे आहे. परंतु 'मुळात' हा शब्द त्यांना शिकवला कोणी? मराठीतील दैवतसंशोधनाची उज्ज्वल परंपरा ही मुख्यतः उगमशोधाची परंपरा आहे. दा. ध. कोसंबी यांनी पाषाणांत आणि पायवाटांत दैवतांचे आदिम स्तर शोधले, रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाच्या लोकदैवतरूपाचा माग दक्षिणेपर्यंत काढला. ढेरे यांच्या ग्रंथाचे शीर्षकच 'समन्वय' सांगते, आणि पाठांची विपुलता हेच त्यांच्या लेखनाचे वैभव आहे. पण वर्गात, टिपणांत आणि नंतर चित्रफितींत या संशोधनाचे जे सार उरते ते 'विठ्ठल मुळात अमुक होता' अशा एका वाक्यात मावणारे असते. आपण विद्यार्थ्यांना स्तर उकलायला शिकवले. वरचे स्तर हेही तितकेच खरे असतात हे सांगायला विसरलो. 'मूळ कथा कोणती?' हा प्रश्न आमच्याच प्रश्नपत्रिकांतून पडद्यावर गेला आहे, अशी शंका प्रस्तुत लेखकाला आता छळते. ए. के. रामानुजन यांचा रामकथांच्या बहुविधतेवरील निबंध दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून २०११ साली वगळला गेला तेव्हा आपण निषेध केला, आणि तो योग्यच होता; परंतु पाठभेदांना तळटीपेत ढकलण्याचे काम अध्यापनात आपण रोज, कोणाच्याही दबावाविना, करीत असतो.

माध्यम स्वभावतःच एकपाठी आहे, असेही मानण्याचे कारण नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या, लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळाद्वारे वाचकांपुढे येतो आहे. तेथे गाणारीचे नाव, गाव, तालुका, जात, व्यवसाय यांची नोंद ओवीसोबत असते. सीतेच्या वनवासाच्या ओव्या तेथे एकापाठोपाठ ऐकत गेले की, कोणत्याही एका ओवीला 'मूळ' म्हणण्याची इच्छाच मंदावते. कोण गाते आहे हे आधी पाहावेसे वाटते. म्हणजे तेच तंत्रज्ञान, तोच पडदा. फरक फक्त नोंदीच्या रीतीचा. कथेला माहिती समजून साठवले की तिचा एक पाठ उरतो, आणि कोणाचे तरी बोलणे म्हणून साठवले की पाठांना जागा राहते. हा भेद वर्गात स्पष्ट केला की विद्यार्थी झपाट्याने बदलतात, हेही नमूद केले पाहिजे. अभिजन आणि लोक यांविषयीची आमची व्याख्याने जे करू शकली नाहीत, ते आपल्याच घरातल्या दोन माणसांच्या कथनांतला फरक दाखवताच घडते.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी आपल्या आजीकडून बाणाईची कथा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणली. रात्री सांगितलेल्या कथेत म्हाळसा सारीपाटात जिंकली होती. सकाळी चहाच्या वेळी आजीने ती पुन्हा, कोणी न विचारता, सांगितली. त्या वेळी देव मुद्दाम हरला होता, कारण त्याला बाणाईकडे जायचेच होते. मुलीने दोन्ही मुद्रणे जपून आणली होती, आणि विभागाच्या संगणकीय संग्रहाचा नोंद-अर्ज भरताना ती अडली. अर्जात 'कथा' या शीर्षकाखाली एकच रकाना होता. पाठभेदासाठी जागा नव्हती. अर्ज प्रस्तुत लेखकानेच तयार केला होता.